मोटारसायकलची खांदमळण

गेल्या पोळ्यापासून मी लोण्याला नमस्कार करतो. मनातल्या मनात नाही, चांगले दोन्ही हात जोडून. वर्षाराणी, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, ताक घुसळायला बसल्या की मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो आणि गोळा वर आला की वाकतो. "अहो सरका, उजेड अडवून राहिलात," असं ती म्हणते, पण हसत नाही. तिला कारण ठाऊक आहे. समोरच्या गॅलरीतल्या लोकांना ठाऊक नाही, आणि सरांच्या डोक्यावर परिणाम झालाय अशी कुजबुज माझ्या कानावर आलेली आहे. म्हणून एकदा काय ते सांगून टाकतो.

मी वैजनाथ. नांदेडात एका शाळेत चित्रकला शिकवतो. चित्रकलेच्या शिक्षकाला शाळेत किती मान असतो ते काय सांगावं! गणिताच्या सरांना जादा तास हवा असला की आमचा तास जातो, आणि गॅदरिंगचा पडदा रंगवायचा असला की सगळ्यांना आमची आठवण येते. हे रडगाणं मी एरवी गायलो नसतो, पण माणसाला कुठंतरी, निदान घरात तरी, थोडं मोठं व्हावंसं वाटतं. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

आमची मुलगी तनुजा लातूरला एका खाजगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. तिला शाळेत असल्यापासून गाड्यांचं वेड. स्वतःच्या पगारातून तिनं एक जुनी स्पोर्ट मोटारसायकल घेतली. तीच ती, जिच्यावर बसायचं नसतं, पोटावर पडायचं असतं. लातूरच्या घरमालकीणबाईंनी "असली गाडी आमच्या दारात नको" म्हणून सांगितलं, त्यामुळे गाडी नांदेडात आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आली. आता लातूरच्या बाहेर एका माळावर कुणीतरी गाड्या पळवायचा ट्रॅक केलाय. तिथं मुलींची चाचणी होणार होती. निवडलेल्या मुलींना वर्षभर ते लोक शिकवणार, पुढं शर्यतीत उतरवणार. तनुजाचा अर्ज मंजूर झाला आणि घरात पेढे आले. पेढ्यांच्या मागोमाग निरोप आला, की गाडीचा पुढचा ब्रेक ट्रॅकच्या लायकीचा करून आणा. रबरी पाइप काढून स्टीलच्या जाळीचा घाला, पॅड चांगले घाला, ब्रेक ऑइल बदला. चाचणीच्या दिवशी तपासणी होईल. तपासणीत गाडी नापास झाली तर मुलगीही नापास, परत संधी नाही.

तनुजाच्या क्लासमध्ये नेमक्या परीक्षा. तिला चाचणीच्या दिवसापर्यंत लातूर सोडता येईना. फोनवर तिचा आवाज रडवेला झाला तेव्हा मी छाती पुढं काढून म्हणालो, "ब्रेकचं माझ्याकडं लागलं. तू चिंता करू नको." मग ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही फक्त गाडी मेकॅनिककडं न्या. बाकी कशाला हात लावू नका." या वाक्याचा पूर्वार्धच मी ऐकला.

आता आमचे आबा. मारोतीआबा म्हणजे माझे वडील. मुखेडकडं आमची शेती आहे, ती आता चुलतभाऊ बघतो. आबांचे गुडघे गेले तसे ते आमच्याकडं राहायला आले, आणि येण्याआधी बैलजोडी गावातल्याच एका चांगल्या घरी देऊन आले. शहरातल्या कुठल्याच गोष्टीत त्यांचं मन रमलं नाही. टीव्हीत नाही, बागेत नाही, ज्येष्ठ नागरिकांच्या हास्य क्लबात तर नाहीच नाही. रमलं ते या मोटारसायकलीत. रोज सकाळी खाली जायचे, तिच्याभोवती एक फेरी मारायचे आणि टाकीवर थाप द्यायचे. एका रविवारी गाडीपाशी उभं राहून व्हिडिओ कॉलवर त्यांनी तनुजाला विचारलं, "तने, पळवायची गाडी हाय ना ही? मंग तिला थांबायचं कशाला शिकवून राहिले?"

"आबा, थांबायची खात्री असल्याशिवाय पळवता येत नाही. वळणाच्या आधी वेग एकदम कमी करावा लागतो. तेव्हा गाडीचा सगळा भार पुढच्या चाकावर येतो. तो चाकातली ब्रेकची चकती धरते."

"उतारावर आल्यावानी?"

"अगदी तसंच."

आबांनी बराच वेळ त्या चकतीकडं बघितलं. "भरली गाडी उतारावर बैल खांद्यानंच धरतो. मंग ही चकती म्हंजी हिचा खांदा झाला."

"हो आबा, तोच हिचा खांदा!" तनुजा खूश होऊन म्हणाली. फिजिक्सच्या बाईंना आवडेल असंच उत्तर होतं. मीही मान डोलावली. आपल्या वडिलांना यंत्र कळलं याचं कौतुक वाटून मी ते दोघा-चौघांना सांगितलंसुद्धा.

पहिला सल्ला आला तो शेजारच्या आनंदराज साहेबांकडून. ते एसटी डेपोतून निवृत्त झाले आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी झाले. डेपोत जी शिस्त त्यांना लावता आली नाही ती ते आता पार्किंगला लावतात. "जयभीम सर," ते म्हणाले, "मुखेडच्या गाड्या बघितल्यात ना तुम्ही? त्या ब्रेकवर थांबायच्याच न्हाईत. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा अन् रस्ता थांबायचा. तुमच्या पोरीला चांगला हॉर्न बसवून द्या." मी नम्रपणे सांगितलं की ट्रॅकवर हॉर्न काढून टाकतात. ते ऐकून ते खरोखर व्यथित झाले. मग त्यांनी दुसरा मुद्दा काढला, की पार्किंगमध्ये गाडीचं काम करायचं असेल तर सोसायटीची परवानगी लागेल. परवानगी कोण देणार? सेक्रेटरी. अर्ज कुणाकडं द्यायचा? सेक्रेटरीकडं. मी तिथल्या तिथं अर्ज दिला, त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि "दोन-चार दिवसांत बघू" म्हणाले. सवय.

मेकॅनिक मिळाला भुजंग. त्याचं गॅरेज फार लहान, म्हणून त्यानं आमच्या पार्किंगमध्ये येऊन काम करायचं कबूल केलं. मी रात्रभर इंटरनेटवर बघून ब्रेकची एक मोठी आकृती काढली होती. चकती, पॅड, पाइप, सगळं वेगवेगळ्या रंगांत, छाया-प्रकाशासह. भुजंगनं ती उलटसुलट करून बघितली. "सर, लई भारी काढलं. पण ही तर कारची हाय." तरी त्यानं ती मागून घेतली आणि गॅरेजच्या भिंतीला लावली. अजून तिथंच आहे, कुणी गेलात तर बघा.

सामान ऑनलाइन मागवलं होतं. ते नांदेडला उतरायच्या ऐवजी सरळ पुढं धर्माबादला गेलं. का गेलं हे विचारायचं नाही, पार्सलला वाटलं असेल. मी शाळेतून रजा काढली आणि रेल्वेनं धर्माबाद गाठलं. तिथल्या कुरिअरच्या गृहस्थानं खोकं मला दाखवलं, पण हातात देईना. "लेदु सार, न्हाई देता येत. मॅडमचं नाव हाय. मॅडमच पायजे."

"अहो, मी तिचा बाप आहे."

"सगळेच म्हनतेत, सार."

आता हे सगळेच कोण, जे धर्माबादला येऊन तनुजाचे बाप असल्याचं सांगतात, ते मला कळेना. मी घाम पुसला आणि तनुजाला व्हिडिओ कॉल लावला. ती भर वर्गात. पोरांसमोर फोन उचलून तिनं त्या गृहस्थाला सांगितलं, "हो, हेच माझे पप्पा आहेत. द्या त्यांना." मागून अख्ख्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. वीस-बावीस वर्षं शिकवून माझ्यासाठी कुठल्या वर्गानं टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मी खोकं काखेत मारलं आणि मान खाली घालून स्टेशनवर आलो.

काम सुरू झालं. नवा पाइप बसला. मग ब्रेकची हवा काढायची होती. म्हणजे नवं ऑइल भरताना पाइपात जो हवेचा बुडबुडा अडकतो तो बाहेर काढायचा, नाहीतर ब्रेक स्पंजासारखा दबतो. भुजंग खाली बसला आणि मला म्हणाला, "सर, ही बाटली नुसती सरळ धरा." बाटली धरणं हे काम मी करू शकतो असं मलाही वाटलं होतं. पण तेवढ्यात आनंदराज साहेबांनी जिन्यावरून हाक मारली, "सर, तुमची परवानगी मंजूर झाली!" मी आनंदानं वळलो, आणि बाटली त्यांच्याच स्कूटरवर कलंडली.

ब्रेक ऑइल रंग खातं हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. बघता बघता स्कूटरच्या मडगार्डवर फोड आले. ती स्कूटर आनंदराज साहेब रोज फडक्यानं पुसतात, आंघोळीच्या आधी. माझे तर धाबे दणाणले. पण मी चित्रकार माणूस! निळ्यात किंचित हिरवा, थोडा काळा घालून असा रंग जुळवला, असा जुळवला, की भुजंगही तोंडात बोट घालून बघत राहिला. आनंदराज साहेबांनी चष्मा लावला, दुरून बघितलं, जवळून बघितलं. "सर, काम फस्क्लास. पण आता सगळी स्कूटर जुनी दिसून राहिली अन् तेवढाच तुकडा नवा." मग मी सगळी स्कूटर रंगवली. ती बघून वरच्या मजल्यावरच्यांनी त्यांची सायकल आणून ठेवली आणि कुणाचीतरी लोखंडी कॉट आली. ब्रेक राहिला बाजूला, मी कॉट रंगवत बसलो. वर्षाराणीनं वरून विचारलं, "अहो, तनूची चाचणी कधी आहे, लक्षात आहे ना?" तेव्हा ब्रश टाकला.

चाचणी होती नेमकी पोळ्याच्या दिवशी. आदल्या दिवशी दुपारी भुजंगनं नवे पॅड घातले. काढलेले जुने पॅड तो कचऱ्यात टाकत होता, ते वर्षाराणीनं धावत येऊन अडवले. आमच्या घरात काहीही टाकत नाहीत. दुधाच्या पिशव्या, लग्नपत्रिका, बंद पडलेली घड्याळं, सगळं जपून ठेवलेलं आहे. तिनं पॅड पुसले आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवून दिले.

आता राहिला फक्त ब्रेक पुढचं चाक धरणाऱ्या नळ्यावर पक्का करायचा. दोन बोल्टांवर तो सगळा धरलेला असतो. भुजंगला इस्लापूरची बस गाठायची होती, त्याचे बैल तिकडं, पोळ्याला घरी जायलाच हवं. तो म्हणाला, "सर, दोन्ही बोल्ट हातानं फिरवून बसवलेत. पान्यानं गच्च कसायचे राहिले. कसू का?"

"थांब भुजंग," मी म्हणालो. "तेवढा मान माझा."

त्यानं पाना माझ्या हातात दिला, दोन्ही कान पकडून शपथ घेतल्यासारखं बजावलं, "गच्च कसा हं सर," आणि पळाला. मी पाना बोल्टला लावला. आणि मग, काय सांगू, मला वाटलं की असा क्षण वाया जाऊ नये. आनंदराज साहेब तिथंच होते. "जरा एक फोटो घेता का?" पहिल्या फोटोत त्यांचा अंगठा आला. दुसऱ्यात माझे डोळे मिटलेले. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "पाना जरा वर धरा, छाती पुढं, तोंड माझ्याकडं. हां, आता जोर लावल्यावानी करा." फोटो असा काही आला म्हणता! मी तो लगेच आमच्या मुखेडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'लेकीसाठी'. अंगठ्यांचा नि हात जोडलेल्यांचा पाऊस पडला. चुलतभावानं लिहिलं, 'दादा, तुम्ही तर इंजिनिअर निघाले.' एकेकाला उत्तर देत देत मी जिना चढलो, पाना टेबलावर ठेवला आणि चहा घेतला. असं समाधान मला गॅदरिंगचा पडदा रंगवून कधी मिळालं नव्हतं.

संध्याकाळी गॅलरीतून खाली बघितलं तर आबा मोटारसायकलपाशी बसलेले. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं खांदमळण असते. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे आंबलेले असतात, ते हळद-लोण्यानं मळायचे, आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या पुरणपोळीचं निमंत्रण द्यायचं. आबांनी हे आयुष्यभर केलं. आता बैल नव्हते. टाकीला हळदीची बोटं, हँडलला झेंडूची माळ, आणि आबा खाली वाकून हळू आवाजात म्हणत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." मी वर्षाराणीला खुणेनं बोलावलं, तिनं डोळ्यांना पदर लावला. मग ती आत गेली आणि म्हणाली, "अहो, लोण्याची वाटी दिसत नाही."

"आबांनी नेली असेल नैवेद्याला," मी म्हणालो. वाकून ते नेमकं काय करत होते ते मी बघितलं नाही. गाडी चादरीत गुंडाळून टेम्पोत चढवायची तयारी करायची होती.

सकाळी निघालो. आनंदराज साहेब स्वतःहून टेम्पोत बसले. लातूरचा रस्ता डोळे झाकून माहीत आहे म्हणाले आणि लोह्यापर्यंत खरोखर डोळे झाकून झोपले. अहमदपूर, चाकूर करत आम्ही ट्रॅकवर पोचलो तेव्हा तनुजा कातडी पोशाख घालून फाटकात उभी होती. पोटच्या पोरीला मी क्षणभर ओळखलं नाही. तिनं धावत येऊन गाडीची चादर काढली, झेंडूची माळ बघून हसली, ती स्वतःच्या गळ्यात घातली.

तपासणी करत होते श्रीशैल नावाचे गृहस्थ, निलंग्याकडचे. त्यांनी चेन बघितली, टायर बघितले, नवा पाइप बघून "छान" म्हणाले. मग चकतीवरून बोट फिरवलं. बोट पिवळं झालं. त्यांनी ते नाकाजवळ नेलं.

"हे काय हो? लोणी?"

मी पुढं झालो. चकतीला, पॅडच्या फटीत, सगळीकडं हळदीचं लोणी. हळुवार हातानं, कोपरा न कोपरा मळून चोपडलेलं. तिथल्या पोरी नि त्यांचे भाऊ हसायला लागले. "अय्यो," श्रीशैल म्हणाले, "ब्रेकला लोणी! एन माडोदु? काय करू मी आता? पॅड पार पिऊन बसलेत. ही गाडी थांबायची न्हाई, भिंतीला जाऊन धडकायची. नापास."

तनुजा हेल्मेट हातात धरून नुसती खाली बघत होती. तिचं ते तोंड बघून माझं डोकं फिरलं. मी तिथंच फोन लावला आणि सगळ्यांसमोर आबांवर ओरडलो. "आबा, ब्रेकला लोणी लावतं का कुणी? अहो, पोरीचं सगळं मातीत घातलं तुम्ही!"

पलीकडून हळूच, "खांदा म्हनली होती की रे तनी." आणि फोन ठेवला.

"पप्पा, त्यांना कशाला बोललात?" तनुजा म्हणाली. "सणाच्या दिवशी!" आता ती रडकुंडीला आली होती, आणि मला वाटलं की जमीन फाटावी. आनंदराज साहेबांनी मध्ये पडून श्रीशैलना गाठलं. डेपोत वापरायचा आवाज काढला. "साहेब, काहीतरी मार्ग असंल की. पोरगी लांबून न्हाई आली, पण गाडी आलीय." श्रीशैल विरघळले. "जुने पॅड आणलेत का? चकती धुऊन जुने पॅड घातले तर बघतो. पण दुपारच्या आत."

जुने पॅड! कोण आणतं जुने पॅड? एवढ्यात तनुजानं विचारलं, "मम्मीनं त्या पिशवीत काय दिलंय?" पिशवीत दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी होती, आणि सगळ्यांत खाली बिस्किटाचा डबा. चहासोबत खायला म्हणून तिनं डबा उचलून दिलेला, आणि नेमका तोच! उघडला तर आत पॅड. मी त्या डब्याला जी मिठी मारली ती आनंदराज साहेबांनी बघितली, पण फोटो काढला नाही. तेवढे शहाणे आहेत.

पॅड बदलायचे तर आधी सगळा ब्रेक नळ्यावरून उतरवावा लागतो. श्रीशैल पाना आणायला वळले. तनुजा गुडघ्यावर बसली, कोणत्या मापाचा पाना लागेल ते बघायला तिनं बोल्टाला हात लावला. आणि बोल्ट फिरला. नुसत्या बोटांनी. फिरत फिरत तिच्या तळहातावर येऊन पडला. तिनं दुसऱ्याला हात लावला. तोही.

श्रीशैल हातात पाना घेऊन तसेच उभे.

"हे कसलेलेच नव्हते," तनुजा म्हणाली.

"असं कसं? मी कसले!" मी म्हणालो. "माझ्याकडं फोटो आहे." आणि मी खरंच मोबाइल काढला. तोच फोटो. पाना बोल्टावर, छाती पुढं, तोंड कॅमेऱ्याकडं. मी त्या फोटोकडं बघत राहिलो. जोर लावल्यावानी केलं होतं. जोर लावला नव्हता. पाना एक सूतही फिरला नव्हता. मी तिथंच मातीत बसलो.

श्रीशैलनी हातातला पाना खाली ठेवला. "ताई, पाइप नवा, पॅड नवे, सगळं चकचकीत. हे लोणी नसतं तर मी पास केली असती गाडी. बोल्ट काय मी हातानं फिरवून बघत न्हाई. सरळ रस्त्याच्या शेवटाला जोरात ब्रेक मारला असता, अन् हा सगळा ब्रेक सुटून चाकात गेला असता."

माझी पोरगी माझ्यासमोर धडधाकट उभी होती, गळ्यात झेंडूची माळ, हातात दोन बोल्ट. मी तिच्याकडं बघून ढसाढसा रडलो. लाज वाटली नाही. ती माझ्या शेजारी मातीत बसली आणि म्हणाली, "पप्पा, आधी आबांना फोन लावा."

फोन आबांनीच उचलला. "निघालं का लोणी?" एवढंच विचारलं.

"आबा," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. बोल्ट, फोटो, सगळं. "तुम्ही लोणी लावलं म्हणून ब्रेक उघडला आबा. म्हणून कळलं. मी तुम्हाला नाही नाही ते बोललो. माफ करा."

आबांनी विचारलं, "तनी बरी हाय ना?"

"हाय आबा."

"मंग झालं. रडून नको राहू. तिला म्हनावं, आवतन दिलंय, संध्याकाळी येळंवर या."

चकती धुतली, जुने पॅड घातले, बोल्ट श्रीशैलनी स्वतः कसले आणि मला हातानं ओढून बघायला लावले. एवढा खटाटोप करून पोरगी शेवटी जुन्याच पॅडवर पळाली. तिनं किती वेगानं गाडी नेली ते मला माहीत नाही, मी डोळे मिटून उभा होतो. आनंदराज साहेब कानात सांगत होते, "आली सर, वळली सर, थांबली सर." दुपार कलायच्या सुमारास नावं सांगितली. तनुजाचं नाव आलं. श्रीशैल म्हणाले, "ताई, वेगात तुझ्याहून तिघी जणी पुढं हायत. पण थांबतीस लई चांगलं. वेग शिकवता येतो." ती आमच्याबरोबर नांदेडला आली. आवतन होतं ना.

फाटकाशी आबा ताट घेऊन उभे होते. नवं धोतर, डोक्याला पटका. टेम्पोतून गाडी उतरवली, तशी त्यांनी आधी तनुजाच्या तोंडावरून हात फिरवला, मग पुरणपोळीचा घास गाडीच्या दिव्याला लावला आणि गाडीपुढंच ठेवला. सगळी बिल्डिंग बघत होती. मी वाकून आबांचे पाय धरले.

"आरं, मी काय केलं? दरसाल करतो तेच केलं," ते संकोचून म्हणाले. "पर तुला राग आला व्हता, पुढल्या साली करावं का न्हाई?"

"करायचं आबा," तनुजाच म्हणाली. "फक्त टाकीला करा, चकतीला नको. खांदा मी दाखवेन तेवढाच."

आबांनी मान हलवली. मग ताट वर्षाराणीकडं दिलं, कंबरेला खोचलेला पाना काढला. तोच, माझ्या टेबलावरचा. दिवसभर त्यांनी तो जवळ ठेवला होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि गुडघे धरून माझ्या शेजारी खाली बसले.

"वैजू, फोटू नगं. फिरव."

मी पाना बोल्टाला लावला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावला. बोल्ट आधीच गच्च होता, हलला नाही. आबांनी अंगठ्यानं चाचपून बघितलं आणि "हाव, हाय गच्च" म्हणाले. मग आम्ही सगळे जेवायला वर गेलो.